लिस्बनमध्ये पोटोबा: फोटोवाल्या मेन्यूपासून सुटका कशी करावी?

गवती_चहा

मंडळी, सप्टेंबरात सहा दिवस लिस्बनला चाललोय. मी, नवरा आणि सासूबाई. राहायची सोय ग्रासा नावाच्या टेकडीवरच्या भागात झाली आहे. काय बघायचं याची यादी नवऱ्याने एक्सेलमध्ये केली आहे आणि तिला हात लावायची मला परवानगी नाही. जेवणाचं खातं माझ्याकडे.

आणि घोडं तिथेच अडलंय. दोन वर्षांपूर्वी युरोपातल्याच एका मोठ्या शहरात पाच दिवस आम्ही जे खाल्लं त्याला जेवण म्हणवत नाही. रोज तीच कथा. पायांचे तुकडे पडले, भूक खवळली की समोर दिसेल त्यात शिरायचं. बाहेर सहा भाषांतला मेन्यू, उन्हाने निळे पडलेले पदार्थांचे फोटो आणि दारात उभा राहून "नमस्ते, इंडिया?" म्हणणारा एक माणूस. शेवटच्या दिवशी आम्ही चक्क घरून नेलेल्या भडंगावर जेवलो आणि तेच ट्रिपमधलं सगळ्यात चांगलं जेवण ठरलं.

सासूबाई शाकाहारी. अंडं चालतं, पण "केकमध्ये असतं तेवढंच" हे त्यांचं अधिकृत धोरण. नवरा मालवणचा, मासे दिसले की त्याला बाकी काही दिसत नाही. मला तिथली माणसं रोज जे खातात ते खायचंय. कृपया नावांची यादी देऊ नका. ती नेटवर ढिगाने आहे आणि प्रत्येक यादीत तीच दहा नावं आहेत. अनोळखी गल्लीत उभं असताना चांगलं ठिकाण ओळखायचं कसं, ते सांगा.

तिसऱ्या

सात वर्षं लिस्बनात आहे, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

'रेस्टॉरंट' शोधू नका, 'ताश्का' शोधा. ताश्का म्हणजे आपली खाणावळ. नवरा काउंटरवर, बायको आत चुलीपाशी, दहाबारा टेबलं, पांढरी ट्यूबलाइट आणि कोपऱ्यात फुटबॉल लावलेला टीव्ही. बाहेरून बघाल तर आत पाऊल टाकावंसं वाटणार नाही. टेबलावर कापडाऐवजी कागद अंथरतात आणि जुन्या ठिकाणी हिशेबही त्याच कागदाच्या कोपऱ्यात पेनाने मांडतात.

दाराच्या काचेला आतून चिकटवलेला, हाताने लिहिलेला कागद दिसला की थांबा. वर 'प्रातुश दु दीया', म्हणजे आजचे पदार्थ, आणि खाली चारपाच ओळी. सकाळी बाजारात काय मिळालं त्यावर हा कागद रोज बदलतो, त्यामुळे त्याचं इंग्रजी करत बसायला कुणाला सवड नसते. मे-जूनपासून 'आ काराकॉइश' अशी पाटीही दिसायला लागते. गोगलगायी आल्या आहेत, असा निरोप असतो तो. तुम्ही खा, न खा, पण ती पाटी पर्यटकांसाठी कुणी लावत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळ. ताश्काचं खरं जेवण दुपारचं. साधारण एकच्या सुमाराला आसपासच्या ऑफिसांतले, दुकानांतले, बांधकामावरचे सगळे एकदम येतात आणि मग पाऊण तास बसायला जागा नसते. तुम्ही साडेबाराला जाऊन बूड टेकवा. सूप, मुख्य पदार्थ, ब्रेड, एखादं पेय आणि शेवटी 'बीका' (कपाच्या तळाशी दोन घोट कॉफी, तिला इथे हे लाडाचं नाव) मिळून मी साधारण दहा ते तेरा युरो मोजतो. रात्री तेच ठिकाण बंद असू शकतं, रविवारी तर बहुतेक असतंच. ऑगस्टात पुष्कळ जण सुट्टीवर जातात, तुम्ही सप्टेंबरात येताय ते बरं.

'मेया दोझ' हा शब्द पाठ करा. अर्धी प्लेट. एका माणसाला ती पुरून उरते, पूर्ण 'दोझ' मागवलीत तर दोघांचं भागतं. आणि सोमवारी मासे टाळा, रविवारी बहुतेक होड्या समुद्रात जात नाहीत.

पुणेरी_उपरणं

दुपारी एक वाजता दुकान *उघडं* असतं आणि वर जेवायलाही घालतात? सात वर्षं राहून तुम्ही बिघडलात.

बोंबील_फ्राय

तिसऱ्या यांनी चांगली बाजू सांगितली, आता माझी फसवणूक ऐका.

आम्ही चौघे बाइशामध्ये (नदीकाठचा सपाट, मध्यवर्ती भाग) फिरत होतो. रुआ दाश पोर्ताश द सांतु आंतांव नावाची हॉटेलांचीच गल्ली आहे, एकाला चिकटून एक. नाव घेत नाही, पण एका ठिकाणी बसलो. बसल्याबसल्या वेटरने न मागता ब्रेड, लोणी, ऑलिव्ह, चीजची चकती आणि कोळंबीची एक बशी आणून ठेवली. आम्हाला वाटलं, किती हो पाहुणचार! आपल्याकडे कांदा-लिंबू ठेवतात तसं असेल. सगळं फस्त केलं.

मग मासा. मेन्यूत भावासमोर बारीक अक्षरात 'किलो' लिहिलं होतं, ते कुणी वाचलंच नाही. वेटरने ट्रेमधून एक देखणा दोरादा आणून दाखवला, आम्ही माना डोलावल्या. बिल आलं तेव्हा चौघांनी ते आळीपाळीने वाचलं. पाहुणचाराचे अठ्ठावीस युरो आणि त्या माशाची किंमत अशी, की आमच्या हिने पुढचे दोन दिवस "तो मासा" असा उल्लेख केला की सगळे गप्प.

तिसऱ्या

बोंबीलराव, त्या पाहुणचाराला 'कुव्हेर' म्हणतात आणि तो फुकट नसतो. पण ताश्कातही कुव्हेर येतो, त्यामुळे तो आला की फसवणूक झाली असं समजू नका. तिथे ब्रेड-ऑलिव्हचे दोनेक युरो होतात आणि ऑलिव्ह खाण्यासारखे असतात. गोची महागाच्या बशा गुपचूप सरकवतात तिथे.

कायदा तुमच्या बाजूने आहे. २०१५ च्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय, की गिऱ्हाइकाने मागितलं नसेल आणि हात लावून निकामी केलं नसेल तर कुव्हेरचे पैसे घेता येत नाहीत. नको असेल तर बशी आली त्या क्षणी हसून परत पाठवा. कुणाला राग येत नाही. तरीही बिलात आलं तर 'लिव्रु द रेक्लामासोइंश' मागा. ही तक्रारवही प्रत्येक हॉटेलने ठेवलीच पाहिजे असा नियम आहे. मी दोनदा मागितली आणि दोन्ही वेळा वही यायच्या आत बिल दुरुस्त होऊन आलं.

माशाचं म्हणाल तर ऑर्डर देण्याआधी वजन करून किती होतील ते विचारायचं. आपण मंडईत विचारतोच ना? युरोपात गेल्यावर आपल्याला एकदम भिडस्तपणा येतो, तो सोडा.

मेथीचा_ठेपला

गवती, सासूबाईंसाठी लिहिते, कारण माझे बाबा याच पंथातले.

काल्दु व्हेर्द नावाचं हिरवं सूप सगळीकडे मिळतं. बटाटा आणि अगदी बारीक चिरलेली कोबीच्या जातीची पालेभाजी. ऐकायला सात्त्विक, पण वर सॉसेजची चकती तरंगत असते. ती काढून द्या म्हटलं तरी सूप त्याच पातेल्यातलं. त्यापेक्षा 'सोपा द लेगुमिश', भाज्यांचं दाट सूप, बरं. तरी मटणाचं पाणी घातलंय का ते विचाराच. 'सें कार्न, सें पैश' (मांस नाही, मासा नाही) हे कागदावर लिहून न्या. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटलं तर ट्यूना घातलेलं सॅलड येतं. ट्यूना हे मांस नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत असतं.

आता खजिना सांगते. 'पैशिन्युश दा ऑर्ता', म्हणजे शब्दशः 'परसातले छोटे मासे'. नाव वाचून बाबा उठूनच उभे राहिले होते! प्रत्यक्षात ती फरसबीची भजी असतात. शेंगा अख्ख्या, पिठात बुडवून तळलेल्या. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जपानला गेले तेव्हा ही तळणीची पद्धत सोबत गेली आणि तिचा पुढे तेम्पुरा झाला, असं सांगतात. पिठात कधीकधी अंडं असतं, पण ते तुमच्या केक-धोरणात बसावं. सोबत 'आरोश द तुमात', टोमॅटोचा सरसरीत भात. बाबांनी तीन दिवस सलग हेच खाल्लं.

गोडात जपून. मठांमधल्या जुन्या मिठाया म्हणजे साखर आणि अंड्याचा बलक, तिथे धोरण बाजूलाच ठेवावं लागतं. पण 'तोसिन्यु दु सेऊ'पासून लांब राहा. नावाचा अर्थच 'स्वर्गातली डुकराची चरबी', आणि जुन्या पद्धतीत ती खरोखरच घालतात.

अगदीच जीव कासावीस झाला तर शहराच्या उत्तरेला लुमियार भागात राधाकृष्ण मंदिर आहे, रस्त्याचं नाव आलामेदा महात्मा गांधी. तिथल्या कँटीनमध्ये शाकाहारी गुजराती जेवण मिळतं. वेळ आधी विचारून जा.

गवती_चहा

ठेपलाताई, _/\_ . 'परसातले छोटे मासे' हे सासूबाईंना आधी सांगायचं की नंतर, यावर घरात खलबत सुरू आहे.

कोकम_सार

नकाशावर शोधायची माझी पद्धत सांगतो. इंग्रजीत 'बेस्ट फूड निअर मी' असं कधीच टाकायचं नाही. पोर्तुगीज शब्द टाका: ताश्का, प्रातु दु दीया, आल्मोसु (दुपारचं जेवण). मग स्टार बघू नका. अभिप्रायांची *भाषा* बघा. निम्म्याहून जास्त पोर्तुगीजमध्ये असतील तर भाषांतराचं बटण दाबून वाचा. त्यात लोक तक्रारी करतात त्या ऐकण्यासारख्या असतात. 'पूर्वी कुझीदुत (मांस-भाज्या एकत्र उकडलेला पदार्थ) मांस जास्त असायचं', 'डोना (मालकीणबाई) आज तापट होत्या'. अशी तक्रार दिसली की मी तिथे डोळे मिटून जातो.

दुसरं, चढण चढा. लिस्बन टेकड्यांचं गाव आहे. ट्राम २८ जिथे पर्यटकांनी खच्चून भरते तिथून दोन गल्ल्या वर किंवा आडव्या गेलं की भाव आणि गोंगाट दोन्ही उतरतात. तुम्ही ग्रासातच राहताय, म्हणजे अर्धं काम झालंय. कांपु द ओरीक, आल्व्हालाद, आरोयुश या राहत्या वस्त्यांतही दुपारी एक चक्कर मारा.

तरी एक सांगतो, प्रसिद्ध म्हणजे वाईट असं धरून चालू नका. रामिरु नावाची १९५६ पासूनची सीफूडची जागा आहे, बाहेर कायम रांग. पर्यटक भरपूर, पण शेजारच्या टेबलावर लिस्बनकरांची तीन पिढ्यांची पंगत होती. खेकडे-कोळंबी झाल्यावर 'प्रेगु', म्हणजे पावात घातलेलं गरम स्टेक, गोडाऐवजी खायची तिथली रीत आहे. काइश दु सोद्रेचा तो २०१४ पासूनचा चकचकीत फूड मार्केट मात्र मला मॉलच वाटला. ट्रे हातात घेऊन जागा शोधत फिरायला मी एवढ्या लांब कशाला जाऊ?

पोदेराची_सायकल

मडगावातून नमस्कार. एवढे प्रतिसाद झाले तरी गोव्याचं नाव नाही? लिस्बनला जाताय तर एक दिवस शाकुती खा, गोव्याच्या लोकांनी चालवलेल्या एखाद्या छोट्या खाणावळीत.

बोंबील_फ्राय

अहो, लिस्बनला जाऊन शाकुती खायची तर मग म्हापशाला काय वाईट? बाईंना *अस्सल* लिस्बन पाहिजे आहे.

पोदेराची_सायकल

बोंबीलबाब, अस्सल म्हणजे काय ते तुम्हीच ठरवा, पण आधी हे ऐका.

१९६१ नंतर गोव्यातून आणि १९७५ ला मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर तिथून, अशी आमची बरीच माणसं लिस्बनला गेली. माझी मावसआत्या त्यातलीच, लौरेंसु मार्कीशहून (आताचं मापुतो) दोन पेट्या घेऊन उतरलेली. त्या लोकांनी नेलेला समोसा आज लिस्बनच्या कुठल्याही कोपऱ्यावरच्या कॅफेत 'शामुसा' म्हणून काचेच्या कपाटात, माशाच्या वड्यांच्या शेजारी बसलेला असतो. सकाळी कामावर जाणारा पोर्तुगीज माणूस उभ्याउभ्या कॉफीबरोबर तो खातो आणि त्याला तो परदेशी वाटत नाही. आंतोनियु कोश्ता २००७ ते २०१५ लिस्बनचे महापौर होते, मग २०२४ पर्यंत पंतप्रधान. त्यांचे वडील गोव्याच्या घराण्यातले, आणि घरात त्यांना 'बाबुश' म्हणतात. आता त्यांच्या ताटातली शाकुती अस्सल लिस्बनची की नाही?

उलट बाजूही आहे. तुमचं विंदालू म्हणजे त्यांचं 'व्हिन्या द आल्युश', वाइन आणि लसणात मुरवलेलं डुकराचं मांस. आमच्याकडे वाइनच्या जागी माडीचं व्हिनेगर आलं आणि मिरची आली. ती मिरचीसुद्धा त्यांनीच आणलेली.

पुणेरी_उपरणं

अवांतर: पाव, बटाटा, कोबी, काजू, अननस, चावी, पगार. हे सगळे शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतले. म्हणजे वडापाव हा नावाने तरी तीनचतुर्थांश पोर्तुगीज पदार्थ आहे. आता लावा भांडणं.

शेवग्याच्या_शेंगा

उपरणं, वड्याचा 'वडा' तरी आपला ठेवा हो.

बाकी या 'अस्सल'वरून आठवलं. पोर्तुगालचा राष्ट्रीय मासा म्हणून मिरवतो तो बाकल्याव, म्हणजे खारवून वाळवलेला कॉड. हा मासा त्यांच्या समुद्रात होतच नाही. शतकानुशतकं उत्तरेच्या थंड पाण्यातून आणतात, आज मुख्यतः नॉर्वे आणि आइसलँडकडून. दुकानात त्याच्या फळ्याच्या फळ्या रचून ठेवलेल्या असतात, आपल्या सुक्या मासळीच्या बाजाराची आठवण येईल असा वास. आदल्या रात्रीपासून पाणी बदलत भिजवायचा. त्याला आता लिस्बनचा नाही म्हणाल का? मी तर म्हणतो, 'बाकल्याव आ ब्राश' खाच. काडीसारखे तळलेले बटाटे, कांदा, अंडं आणि माशाचे तुकडे एकत्र परतलेले. लहान मूलसुद्धा खातं.

तिसऱ्या

मालवणी यजमानांसाठी एक राहिलंच. 'अमेझुआश आ बुल्यांव पातु' मागवा. एकोणिसाव्या शतकातल्या एका कवीचं नाव आहे त्या पदार्थाला. ऑलिव्ह तेल, लसूण, लिंबू आणि मूठभर कोथिंबीर घालून उघडलेल्या... काय असतील? तिसऱ्या! माझा आयडी तिथूनच आलाय. युरोपात इतरत्र पार्सलीचंच राज्य, पण पोर्तुगालमध्ये कोथिंबीर आपल्यासारखी सढळ हाताने पडते. खाली उरलेला रस पावाने पुसून खायचा, चमच्याने नाही.

तारल्या तिथल्या उन्हाळ्यात खऱ्या. जूनमध्ये सांतु आंतोनियु या संताच्या सणाच्या रात्री, १२ तारखेला, आल्फामा या जुन्या वस्तीत गल्लोगल्ली निखाऱ्यावर भाजतात. सप्टेंबरात हंगाम सरत आलेला असतो तरी मिळतील. ब्रेडवर अख्खी तारली ठेवायची, खालच्या ब्रेडमध्ये तिचं तेल मुरतं, तो ब्रेड शेवटी खायचा.

गवती_चहा

आलो परत. सगळ्यांचे आभार मानते आणि हिशेब देते.

पहिल्या दिवशी सगळं ज्ञान विसरलो. विमान उशिरा, भूक, तीन वाजले होते. ताश्कांची दारं लागत होती. शेवटी एका कॅफेत उभ्याने शामुसे खाल्ले. पोदेरबाब, चांगले होते, पण आत काय आहे ते विचारायच्या आत नवऱ्याने दोन संपवले आणि सासूबाईंसाठी उरला नाही. बरंच झालं, खिमा होता.

दुसऱ्या दिवशी बरोबर १२:२५ ला ग्रासात, घरापासून दोन गल्ल्यांवर, काचेला चिकटवलेला कागद दिसला. पाच ओळी, त्यातली एक खोडलेली. आत आम्ही तिघंच. मला वाटलं, चुकलो. एक वाजून पाच मिनिटांनी आमच्या टेबलाची चौथी खुर्ची मागून घेऊन एक आजोबा तिच्यावर बसले, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. त्यांनी आमच्या प्लेटींकडे बघून मान हलवली आणि नवऱ्याला खुणेने सांगितलं, की काटा-चमचा ठेव, करापाव (बांगड्यासारखा मासा) हाताने खा. मासा हाताने खायला मालवणच्या माणसाला लिस्बनमध्ये शिकवणी! घरी आल्यापासून ही गोष्ट अकरा वेळा सांगून झाली आहे.

परसातले मासे त्या कागदावर नव्हते. मी कागद दाखवला, सें कार्न, सें पैश. काकूंनी तो वाचला, सासूबाईंकडे बघितलं, आत गेल्या आणि आरोश द तुमात, तळलेली बटाट्याची कापं आणि न विचारता दोन अंडी घेऊन आल्या. अंडी अगदी उघड, केकचा पत्ता नाही. सासूबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि खाल्ली. भजी चौथ्या दिवशी दुसरीकडे मिळाली, फर्मास.

सहापैकी चार दुपारी त्याच ठिकाणी जेवलो. नवऱ्याच्या एक्सेलमधल्या दोन जागा त्यामुळे बघायच्या राहिल्या. एक संध्याकाळ काइश दु सोद्रेहून होडीने पलीकडे कासील्याशला गेलो, दहा मिनिटांचा प्रवास. नदीकाठी तिसऱ्या खाल्ल्या आणि रस पावाने पुसला. बेलेंला १८३७ पासूनच्या त्या दुकानात रांग लावून नाताही (कस्टर्ड भरलेले छोटे टार्ट) खाल्ले. छान आहेत, पण आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीतले तेवढेच छान होते आणि तिथे रांग नव्हती.

बोंबील_फ्राय

झकास. आणि कुव्हेर?

गवती_चहा

चीज हसून परत पाठवलं. ऑलिव्ह सासूबाईंनी ठेवून घेतले.